घरचा प्रवाह

धाकटे भावजी बोट घेऊन निघाले की घरात दोन गोष्टी ठरलेल्या असायच्या. सासूबाई कुणाला न सांगता सगळ्या खिडक्या लावून घ्यायच्या, जणू समुद्रावरचा वारा त्यांच्याच घरातून जातो. आणि भावजी स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून थोरल्या वहिनीला विचारायचे, "काय वहिनी, काय म्हणतोय आपला घरचा प्रवाह?"

प्रवाह घरचा, कारण वहिनीचा सगळा जन्म त्याच्यामागं चाललेला. बंदराजवळच्या समुद्र-अभ्यास संस्थेत ती नोकरीला होती. समुद्रात सोडलेली यंत्रं पाण्याचा वेग, दिशा आणि उष्णता मोजून पाठवायची. ते आकडे ती संगणकातल्या मॉडेलला भरवायची, आणि उद्या-परवा पाणी कुठं वाहील त्याचा नकाशा मॉडेल काढून द्यायचं. संस्थेत तिला सगळे प्रवाहबाई म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, त्या अर्थी प्रेमानंच म्हणत असावेत. सासूबाईंना हे काम कधी नीट उलगडलं नाही. कुणी विचारलं तर त्या सांगायच्या, "पाण्यावर लक्ष ठेवते." मग शेजारीण जिन्यात अडवून विचारायची, आज नळाला पाणी किती वाजता येणार म्हणून.

भावजी शाळेत चित्रकला शिकवायचे. लग्न केलं नाही, त्याऐवजी कुणाची तरी जुनी शिडाची बोट विकत घेतली. बोटीला ते म्हातारी म्हणायचे, आणि घरातल्या खऱ्या म्हातारीला ते अजिबात खपत नसे. त्यांची रीत साधी होती. शिड उभारून दक्षिणेला जायचं, आणि परतताना प्रवाहाच्या जिवावर आरामात यायचं. त्या मोसमात किनाऱ्याला धरून दक्षिणेकडून उत्तरेला एक प्रवाह वाहायचा. वेळेवर शाळेत जाणाऱ्या मास्तरासारखा सरळ आणि न चुकता. इंजिन बिघडलं, वारा पडला, तरी तो माणसाला बंदराच्या तोंडाशी आणून सोडायचा.

यंदाच्या मोसमात भावजी पहिल्यांदाच निघाले, त्या सकाळी तिचं एक लक्ष गॅसवर आणि एक डब्यावर होतं. तिनं फोनवर नकाशा उघडला. निळे बाण नेहमीसारखे किनाऱ्याला धरून उत्तरेला निघालेले.

"जा खुशाल," ती म्हणाली. "आणून सोडेल."

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, असं नंतर तिनं स्वतःला कितीदा म्हटलं असेल देव जाणे. पण त्या घटकेला त्यात वावगं काही नव्हतं. नकाशा तिचा स्वतःचा होता आणि तो वर्षानुवर्षं खरा ठरत आला होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भावजींऐवजी बंदराच्या कचेरीतून फोन आला. रेडिओवर बोटीचा निरोप मिळाला होता, तो त्यांनी वाचून दाखवला. दुपारी अचानक सोसाट्याचा वारा आला आणि डोलकाठी मोडली. इंजिन रुसलंय. मी ठणठणीत आहे, पाणी आहे, बिस्किटं आहेत. पुढं बोट नेमकी कुठं आहे ते आकडे होते. आणि शेवटी: वहिनीला सांगा, काळजी नको, घरचा प्रवाह आणतोय.

त्यानंतर रेडिओ बंद पडला. संकटात आपली जागा आपोआप कळवणारं यंत्र बोटीवर बसवायचं भावजींचं दोन वर्षं चाललं होतं. ते अजून चाललंच होतं.

शोध सुरू झाला. एक विमान आणि दोन बोटी, एवढंच हाताशी होतं. शोधप्रमुख घसा बसलेला माणूस होता, बोलताना तो कायम कुणावर तरी रागावलेला वाटायचा. त्यानं संस्थेकडे नकाशा मागितला, म्हणजे शेवटी तो प्रवाहबाईकडेच आला. निरोपातल्या जागेपासून पाणी बोटीला कुठं नेईल हे तिनं मॉडेलला विचारलं. मॉडेल म्हणालं, उत्तरेला. विमान उत्तरेला गेलं. दिवसभर घिरट्या घालून हात हलवत परत आलं. दुसऱ्या दिवशी आणखी उत्तरेला गेलं. साप साप म्हणून भुई धोपटणं चाललं होतं, पण साप कुठंच नव्हता. समुद्र अगदी शांत, ऊन लख्ख. असा पांढरा ठिपका विमानातून सहज दिसायला हवा, असं शोधप्रमुखच म्हणाला, आणि त्यामुळं उलट जास्तच भीती वाटायला लागली.

घरी सासूबाई दारापाशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. भावजींच्या चपला त्यांनी फडक्यानं पुसून ठेवल्या होत्या. सून आली की त्या तिचा हात धरायच्या.

"येईल ना गं तो?"

"येईल, आई."

"तुझं मशीन काय म्हणतं?"

"येईल म्हणतं."

मशीन असलं काही म्हणत नव्हतं. ती हात सोडवून घ्यायची आणि आत जाऊन नळ मोठा सोडून भांडी घासायची, कारण नळाच्या आवाजात रडलेलं ऐकू येत नाही. नवरा मागच्या खोलीत भावजींच्या सायकलचं पंक्चर काढत बसलेला असायचा. चाकाला पंक्चर नव्हतंच, हे तिला माहीत होतं आणि त्यालाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी शोधप्रमुखाचा फोन आला. "बाई, उत्तरेकडं आम्ही पाण्याचा प्रत्येक तुकडा बघितला. अजून कुठं बघू, सांगा. नाहीतर उद्यापासून विमान मला दुसऱ्या कामाला द्यावं लागेल."

तिनं मॉडेल पुन्हा चालवलं. उत्तर. वेग थोडा कमी-जास्त करून चालवलं. तरी उत्तर. तेव्हा काहीतरी चाळा हवा म्हणून, तिनं नकाशावर एरवी झाकून ठेवलेले करडे बोये उघडले.

बोये म्हणजे पाण्यावर तरंगत जाणारे पिवळे गोळे. ते उपग्रहाला आपली जागा सांगत राहतात, त्यावरून पाणी कुठं चाललंय ते कळतं. प्रत्येक बोयाच्या खाली दोरीला कापडाची एक लांब झोळी असते. ती पाणी धरून ठेवते, म्हणून बोया पाण्याबरोबर जातो. झोळी फाटून गेली की तो पाण्याचा राहत नाही. वारा ढकलेल तिकडं भटकतो, आणि त्याचे आकडे खोटे होतात. म्हणून संस्थेत एक शिरस्ता होता. एखादा बोया बरेच दिवस मॉडेलच्या विरुद्ध वागला की त्याची झोळी गेली असं समजायचं आणि नकाशावर त्याला करडा रंग देऊन बाजूला काढायचं. "करडा केला" हा तिथला रोजचा शब्द होता. चहा करपला तरी म्हणायचे, करडा करा. आणि शिरस्ता मूर्खपणाचा होता असंही नाही. बहुतेक वेळा झोळी खरंच गेलेली असायची.

गेल्या काही आठवड्यांत तिनं त्या भागातले तीन बोये करडे केले होते. तिघंही उत्तरेऐवजी दक्षिणेला निघाले होते. त्या दिवसांत वाराही दक्षिणेलाच ढकलत होता. म्हणजे झोळ्या गेल्या. दोन मिनिटांचं काम होतं.

आता ते तिघं तिच्यासमोर होते, आणि अजूनही दक्षिणेलाच चालले होते. हळू, एकसारखे. ती सवयीनं वाऱ्याचा तक्ता उघडून बसली, आणि मग तिचे हात थांबले. वारा पडला होता. भावजींची डोलकाठी मोडणाऱ्या त्या सोसाट्यानंतर समुद्रावर पानही हललं नव्हतं. ढकलणारा वाराच नव्हता आणि बोये चाललेच होते. वाऱ्यावर भटकणारा बोया वारा पडल्यावर तरी पाण्याबरोबर उत्तरेला वळायला हवा होता. झोळ्या असोत वा नसोत, त्यांना पाणीच नेत होतं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. पण यात हसण्यासारखं काही नव्हतं. तिला पाठोपाठ दुसरी गोष्ट आठवली, ती याहून वाईट होती.

किनाऱ्यापासून दूर समुद्राच्या तळाला एक मापक बांधलेला होता. वरून जाणाऱ्या पाण्याची दिशा तो मोजायचा आणि मॉडेलचा सगळा भरवसा त्याच्यावर होता. काही महिन्यांपूर्वी तो साफसफाईला वर काढून पुन्हा सोडला, आणि तेव्हापासून त्याची दिशा नेमकी उलटी यायला लागली. उत्तरेच्या जागी दक्षिण. बरीच वर्षं आधी एकदा तो खरोखरच उलटा बसवला गेला होता. त्यावरून खलाशांची इतकी थट्टा झाली होती की तो किस्सा नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगितला जायचा. त्यामुळं या वेळी आकडे पाहून ती हसली. "घ्या, परत उलटा बसवला." पुन्हा बोट पाठवायची, मापक वर काढायचा, एवढा खटाटोप कशाला? तिनं त्या आकड्यांच्या आधी एक उणे चिन्ह लावलं. एक बटण दाबलं, झालं. दक्षिणेची उत्तर झाली, मॉडेल खूश, सगळे खूश.

मापक उलटा नव्हता. समुद्र उलटा झाला होता. आणि तो सांगत होता तेव्हा तिनं त्याच्या बोलण्याला उणे लावलं होतं. नंतर तेच बोयांनी सांगितलं, तर त्या उण्याच्या आधारानं त्यांनाही खोटं ठरवलं. नाचता येईना अंगण वाकडं, म्हणतात. इथं अंगण सरळ होतं.

ती उठून साहेबांच्या खोलीत गेली. साहेबांना संस्थेत सरासरीसाहेब म्हणायचे, मात्र हे तोंडावर नाही. मॉडेल भरकटायला लागलं की जुन्या वर्षांची सरासरी लगामासारखी ओढून त्याला रस्त्यावर आणायची, ही युक्ती त्यांची. त्यावर त्यांचं नाव झालं होतं. त्यांना चहासुद्धा ना गरम ना गार लागायचा.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "बाई, तुमचं घरचं माणूस आहे," ते हळू म्हणाले. "उत्तरेला सापडलं नाही, म्हणून तुम्हाला दक्षिण दिसायला लागली. याला शास्त्र म्हणत नाहीत."

तिनं वाऱ्याचा तक्ता आणि बोयांच्या वाटा त्यांच्यापुढं ठेवल्या. ते बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी चष्मा काढला आणि तो पुसायचा सोडून नुसता हातात धरला.

"आणि तुमचं उणे बरोबर असलं तर?"

"तर विमान मी भावजींच्या डोक्यावरून उचलून नेलं असं होईल."

"एकच विमान आहे."

"माहीत आहे, साहेब."

"हा प्रवाह असा उलटत नाही. माझ्या हयातीत नाही, माझ्या गुरूंच्या हयातीत नाही. आणि उलटला असेल..." त्यांनी वाक्य अर्ध्यात सोडलं. खिडकीतून बंदर दिसत होतं, मासेमारीच्या बोटी ओळीनं बांधलेल्या. "उलटला असेल तर आपण या सगळ्यांना रोज उलटा नकाशा देतोय." जरा वेळानं ते म्हणाले, "मी संस्थेतर्फे काही कळवणार नाही. मला हे एका दुपारीत पटणार नाही. पण तुमच्या टेबलावर फोन आहे, तो मी काही उचलून आणलेला नाही."

ज्याचं जळतं त्यालाच कळतं, असं मनात म्हणत ती बाहेर आली. पण साहेबांवर रागावायलाही तिला जमेना. त्यांचा प्रश्न तिच्याच पोटातला होता. आपण चुकलो तर माणूस मरेल. आणि गप्प बसलो तर? फोनवर हात ठेवून ती उभी राहिली आणि तिला भावजींचा निरोप आठवला. ते तिकडं निवांत बसले असतील, घर जवळ येतंय असं समजून.

तिनं फोन लावला. "माझा नकाशा चुकलाय," ती म्हणाली. "सगळा. उत्तर सोडा. दक्षिणेला तीन बोये आहेत, त्यांच्या जागा मी सांगते. त्यांच्या आसपास बघा. पाणी त्यांना नेतंय तिकडंच बोटीला नेणार."

मग शोधप्रमुखाचा बसलेला आवाज आला. "बाई, दोन दिवस तुम्ही मला उत्तर सांगितलीत. आज दक्षिण सांगताय. उद्या पूर्व सांगाल. तुमचं स्वतःचं माणूस असतं तर काय केलं असतंत?"

"माझंच माणूस आहे ते. माझे धाकटे दीर."

त्यानं कागद ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "जागा सांगा."

घरी येऊन तिनं नवऱ्याला सांगितलं. उणे चिन्ह, करडे बोये, साहेब, फोन, सगळं. आणि त्या सकाळी डबा भरता भरता आपण काय बोललो, तेही. सायकल उलटी उभी होती. नवरा चाक फिरवत ऐकत होता. ती थांबल्यावर त्यानं चाक हातानं धरून थांबवलं.

"तो तुला विचारल्याशिवाय कधी जायचा नाही," तो म्हणाला. एवढंच. मोठ्यानं नाही, टाकून नाही. तिला वाटलं, यानं ओरडावं, निदान पाना तरी आपटावा. त्यानं चाक पुन्हा फिरवलं, आणि ती फिरणाऱ्या काड्यांकडे बघत राहिली.

"आईला सांगू नको," थोड्या वेळानं तो म्हणाला. "तिचा सगळा भरवसा तुझ्यावर आहे."

दारापाशी सासूबाईंनी हात धरला. "येईल ना गं?"

"येईल, आई." या वेळी तिचा आवाज फाटला, पण सासूबाईंनी ते मनावर घेतलं नाही. त्यांना शब्द पुरेसा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला तेव्हा तिघांपैकी कुणालाच उठवेना. शेवटी नवरा उठला. त्यानं ऐकलं, "हो, हो" म्हणाला, आणि मग भिंतीला टेकून हळूहळू खाली बसला. मग तिला दिसलं की तो हसतोय. हसतोय आणि रडतोय, दोन्ही.

तीनपैकी मधल्या बोयापासून हाकेच्या अंतरावर म्हातारी सापडली होती. भावजी टपावर आडवे पडलेले, ओठ फाटलेले, कातडी सोललेली. पण शोधबोट जवळ आल्यावर त्यांनी म्हणे पहिलं वाक्य काढलं ते असं: "उशीर केलात, बिस्किटं संपली."

सासूबाईंनी सुनेचं तोंड दोन्ही हातांत धरलं. "तुझं मशीन म्हणालंच होतं," त्या म्हणाल्या. मग जिन्यात जाऊन त्यांनी शेजारणीलाही ऐकवलं. तिनं काय समजून घेतलं कोण जाणे, पण तीही रडली.

इस्पितळात भावजींना बोलायला डॉक्टरांनी मनाई केली होती, म्हणून ते जरा कमी बोलत होते. "सोबत होती मला," ते सांगत होते. "एक पिवळा बोया. वारा नव्हता ना, तर आम्ही दोघं बरोबरीनंच चाललो. तो पुढं जाईना, मी मागं पडेना. मी त्याच्याशी गप्पा मारायचो. त्याला मी वहिनी म्हणायचो. गोल, पिवळा, आणि काही विचारलं की उत्तर नाही."

नवरा मोठ्यानं हसला. ती हसली नाही. सासूबाई फळं धुवायला बाहेर गेल्या तेव्हा ती पलंगाशी खुर्ची ओढून बसली. म्हणाली, "भावजी, तो बोया मी बाजूला काढला होता. खोटा म्हणून. तो सांगत होता पाणी दक्षिणेला चाललंय, आणि मी तुम्हाला सांगितलं, जा खुशाल." आणि उरलेलंही तिनं सांगितलं.

भावजी छताकडे बघत होते. त्यांच्या नाकावरची कातडी सुटून आली होती, तिला ते बोटानं चाचपत होते.

"म्हणजे वहिनी, तुम्ही मला भलत्याच गाडीत बसवून दिलंत," ते म्हणाले. मग त्यांचा थट्टेचा सूर हळूहळू विरला. "एक सांगू? रागानं नाही सांगत. पहिल्या संध्याकाळी लांबून एक जहाज गेलं. फार लांब नव्हतं. माझ्या हातात दाढीचा आरसा होता, ऊनही होतं. चमकवला असता तर त्यांना दिसलं असतं बहुतेक. मी म्हटलं, कशाला लोकांना त्रास. आपला घरचा प्रवाह आहे, सकाळपर्यंत दारात नेऊन सोडेल. आरसा खिशात ठेवला आणि झोपलो. छान झोप लागली."

नवरा खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. तिनं भावजींच्या पायावरची चादर नीट केली, ती आधीच नीट होती.

"असू दे," भावजी म्हणाले. "आलो ना. आता तुमचं मशीन दुरुस्त झालं, म्हणजे प्रश्न मिटला."

प्रश्न मिटला नव्हता. त्या दिवशी सकाळी, इस्पितळात येण्याआधी, ती संस्थेत गेली होती. तिनं उणे चिन्ह काढलं. करड्या बोयांना त्यांचे रंग परत दिले. मग सरासरीसाहेबांच्या खोलीत जाऊन तिनं लगाम सोडायची परवानगी मागितली. त्यांनी मान हलवली. साहेब एका रात्रीत म्हातारे झाल्यासारखे दिसत होते. लगाम सुटलेल्या मॉडेलला तिनं फक्त उद्याचं नाही, पुढच्या वर्षांचं विचारलं. दोघंही खुर्च्या जोडून बघत बसले. बाण फिरत होते, मंद होत होते. कधी उत्तरेकडे वळल्यासारखे करायचे, आणि पुन्हा तोंड फिरवायचे. तिनं आकडे थोडे बदलून पुन्हा चालवलं, मग पुन्हा. एक-दोनदा प्रवाह जागेवर आला. बाकीच्या वेळी आला नाही. या गावचे मासे, या किनाऱ्याचा गारवा, पावसाची वेळ, बंदरातल्या सगळ्या बोटींची ये-जा, सगळं त्या एका पाण्याच्या वाटेवर बेतलेलं होतं. "मॉडेल चुकत असेल," साहेब शेवटी म्हणाले. त्या क्षणी दोघांनाही तसंच व्हावंसं वाटत होतं. पण बोये आता मॉडेलच्या बाजूनं होते, आणि तळाचा मापकही.

सासूबाई फळं घेऊन आत आल्या. लेकाला पोटभर बघून झाल्यावर त्यांना उरलेल्या जगाची चौकशी करायची आठवण झाली.

"आणि तो प्रवाह?" त्यांनी विचारलं. "याला आणून सोडायचा, तो?"

"तो वाट चुकलाय, आई," भावजी म्हणाले. "माझ्यासारखाच."

"अगं बाई." त्या पलंगाच्या कडेला टेकल्या. मग त्यांनी सवयीनं सुनेचा हात धरला, आणि त्याच सुरात, त्याच शब्दांत विचारलं, "मग येईल ना गं तो?"

येईल, आई. शब्द तिच्या तोंडात तयार होता. दारापाशी कितीतरी वेळा, काही माहीत नसताना, तिनं तो म्हटला होता. आता तिला माहीत होतं.

"आई, ते तसं..." ती म्हणाली आणि थांबली.

"तू म्हण," सासूबाई म्हणाल्या. "तू म्हणालीस आणि हा आला. म्हण ना."

भावजी उशीवरून हसून बघत होते. नवऱ्यानं ग्लासात पाणी ओतता ओतता हात थांबवला होता. बाहेर कुणीतरी ढकलगाडी घेऊन गेलं आणि तिचा आवाज लांबपर्यंत येत राहिला. ती सासूबाईंचा हात धरून बसली होती, आणि सासूबाई तिच्या तोंडाकडे बघत वाट पाहत होत्या.